स्क्रीनशॉटचं सॉफ्टवेअर निवडताना आधी विचारा, चित्र जातंय कुठं?

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून फोन येतो. "साहेब, एरर आलाय बघा. फोटो टाकलाय." व्हॉट्सॲप उघडलं की फोटो दिसतो. मोबाईलनं काढलेला, तिरका, वर ट्यूबलाइटची चकाकी, पडद्यावर रंगीत पट्टे, आणि मला हवा असलेला एररचा आकडा नेमका त्या चकाकीखाली. मग "खालून दुसरी ओळ वाचा, नाही, त्याच्या खालची" असं सुरू होतं. गुळाचे सौदे चालू असताना दिवाणजींना तेवढी सवड नसते, आणि मला उत्तर मिळाल्याशिवाय त्यांचं बिल निघत नसतं.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत बसून हिशेबाच्या सॉफ्टवेअरची देखभाल करतो. उद्यमनगरातली मशीनशॉप, गोकुळ शिरगावच्या फाउंड्री, गुजरीतल्या पेढ्या, शाहूपुरीतली कर सल्लागारांची ऑफिसं ही माझी गिऱ्हाइकं. नवीन मुलगा किंवा मुलगी टेबलावर रुजू झाली की मी पहिल्या दिवशी स्क्रीनशॉट, म्हणजे पडद्याचं चित्र यंत्रावरच टिपणं, शिकवतो, हिशेब नंतर. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्या नवख्यांसाठी.

बहुतेक लोक सॉफ्टवेअर निवडताना बाण किती प्रकारचे आहेत, रंग किती आहेत हे बघतात. मी उलट बाजूनं बघायला सांगतो. चित्र काढल्यावर ते कुठं साठतं, कुणाच्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रावर, जातं आणि कोण बघू शकतं, हे आधी. बाण नंतर.

पायरी १ : यंत्रात आधीच काय आहे ते वापरून बघा

काही डाउनलोड करण्याआधी आठवडाभर विंडोजचंच साधन वापरा. निम्म्याहून जास्त लोकांचं काम तिथंच भागतं, हा माझा अनुभव आहे.

कीबोर्डवर वरच्या ओळीत उजवीकडे 'प्रिंट स्क्रीन' नावाचं बटण असतं. जागा कमी असल्यामुळे त्यावर नाव तोडून छापलेलं असतं. काही लॅपटॉपवर ते 'एफएन' बटणासोबत दाबावं लागतं. जुन्या विंडोजवर हे दाबलं की "काहीच झालं नाही" अशी तक्रार हमखास येते. झालेलं असतं. अख्ख्या पडद्याचं चित्र क्लिपबोर्डवर, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या हातात, आलेलं असतं. व्हॉट्सॲप वेबच्या चॅटमध्ये किंवा ई-मेलमध्ये कंट्रोल + व्ही दाबा, चित्र उमटेल. मधे दुसरं काही कॉपी केलं तर मात्र हातातलं चित्र सुटतं. विंडोज १० आणि ११ वर विंडोज + व्ही दाबून क्लिपबोर्डचा इतिहास एकदा चालू करून ठेवला, तर तेही परत मिळतं.

ऑल्ट + प्रिंट स्क्रीन दाबलं की फक्त समोरची खिडकी येते. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण खालच्या पट्टीवरची आणि शेजारच्या खिडकीतली नको ती माहिती आपोआप बाहेर राहते. विंडोज + प्रिंट स्क्रीन दाबलं की चित्र थेट 'पिक्चर्स' फोल्डरमधल्या 'स्क्रीनशॉट्स'मध्ये फाइल होऊन बसतं.

रोजच्या कामाला सगळ्यात उपयोगी आहे विंडोज + शिफ्ट + एस. पडदा किंचित काळवंडतो, मग माउस ओढून हवा तेवढाच तुकडा निवडायचा. विंडोज १० मध्ये २०१८ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून स्निपिंगचं नवं साधन या बटणांना जोडलं गेलं. विंडोज ७ वर ही बटणं चालत नाहीत, पण 'स्निपिंग टूल' नावाचा प्रोग्रॅम तिथंही स्टार्ट मेनूत सापडतो.

एक फरक नीट समजून घ्या. विंडोज १० वर हा तुकडा फक्त क्लिपबोर्डवर राहतो. कोपऱ्यातल्या सूचनेवर क्लिक करून स्वतः सेव्ह करावा लागतो. विंडोज ११ वर त्याची एक प्रत 'स्क्रीनशॉट्स' फोल्डरमध्ये आपोआप साठते. आणि त्या यंत्रावर वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल, तर 'पिक्चर्स' फोल्डरसोबत ती प्रत इंटरनेटवरच्या खात्यातही जाते. ऑफिसच्या यंत्रावर मालकांच्या मुलाचं खातं लॉगिन केलेलं असलं, तर दुकानाचे सगळे स्क्रीनशॉट त्या खात्यात जमा होत राहतात. अशा दोन यंत्रांवरचा बॅकअप मी स्वतः बंद करून दिला आहे. म्हणून पहिल्याच दिवशी खालच्या पट्टीवरचं वनड्राइव्हचं ढगाचं चिन्ह उघडून सेटिंग बघा.

उघडलेला मेनू चित्रात हवा असेल आणि बटण दाबताच तो मिटत असेल, तर स्निपिंग टूलमधलं घड्याळाचं चिन्ह वापरा. ३, ५ किंवा १० सेकंद थांबायला सांगता येतं, तेवढ्यात मेनू उघडून ठेवायचा. विंडोज ११ च्या साधनात चित्रातला मजकूर कॉपी करायचीही सोय आली आहे. लांबलचक एरर संदेश टाइप करण्याऐवजी तो उचलून मला पाठवला तर माझी दहा मिनिटं वाचतात.

मॅकवर कमांड + शिफ्ट + ३ म्हणजे अख्खा पडदा, ४ म्हणजे तुकडा, ५ म्हणजे सगळे पर्याय असलेली पट्टी. उबंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत प्रिंट स्क्रीन दाबलं की साधन समोर येतं. या दोन्हींवर नवख्यानं वेगळं काही घ्यायची घाई करू नये.

पायरी २ : आठवडाभर कागदावर अडचणी लिहा

वापरताना जिथं अडलात ते एका चिठ्ठीवर लिहा. "रोज तोच कोपरा पुन्हा पुन्हा निवडावा लागतो." "एक, दोन, तीन असे आकडे टाकून पायऱ्या दाखवायच्या आहेत." "पान लांब आहे, एका पडद्यात मावत नाही." आठवड्यानंतर चिठ्ठी कोरी असेल तर नवं सॉफ्टवेअर घेऊ नका. यंत्रावर वाढलेला प्रत्येक प्रोग्रॅम हा सांभाळायचा आणखी एक जिन्नस असतो.

चिठ्ठीतल्या दोन गोष्टींना तर सॉफ्टवेअर लागतच नाही. वेबसाइटचं लांब पान हवं असेल, तर फायरफॉक्समध्ये पानावर राइट क्लिक करून स्क्रीनशॉटचा पर्याय घ्या आणि पूर्ण पान निवडा. एज ब्राउझरमध्ये कंट्रोल + शिफ्ट + एस दाबून हेच होतं. आणि खातेवही, ताळेबंद, स्टॉकची यादी असं काही पाठवायचं असेल तर स्क्रीनशॉट काढूच नका. हिशेबाचं सॉफ्टवेअर पीडीएफ किंवा एक्सेल काढून देतं, तेच पाठवा. आकड्यांच्या तक्त्याचं चित्र पाठवलं की समोरच्याला सगळे आकडे हातानं पुन्हा भरावे लागतात, आणि मार्चअखेरीला असा एक चुकीचा आकडा शोधायला रात्र जाते.

पायरी ३ : चित्र कुठं जातं ते तपासा

आता मुख्य मुद्दा. बाजारातली साधनं ढोबळमानानं दोन जातींची आहेत. एक जात चित्र तुमच्याच यंत्रावर ठेवते आणि पुढचं तुमच्यावर सोपवते. दुसरी जात चित्र काढताक्षणी स्वतःच्या सर्व्हरवर चढवते आणि तुमच्या हातात लिंक देते. 'ग्याझो' हे या दुसऱ्या जातीचं नावाजलेलं उदाहरण. लिंक पाठवणं सोयीचं असतं, यात शंका नाही. पण ज्याच्याकडे लिंक आहे त्याला चित्र दिसतं, आणि ती लिंक पुढं कुठवर जाईल ते तुमच्या हातात राहत नाही.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः असंच एक फुकटचं साधन वापरत होतो. एका गिऱ्हाइकाच्या बँक स्टेटमेंटमधली एक नोंद जुळत नव्हती, म्हणून त्या पानाचा तुकडा काढून लिंक त्यांच्या कर सल्लागाराला पाठवली. काम झालं, विसरलो. सहा महिन्यांनी जुनं चॅट चाळताना ती लिंक दिसली. दाबली, तर चित्र जसंच्या तसं उघडलं. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. काढून टाकायला गेलो तर मी खातंच उघडलेलं नव्हतं, त्यामुळे हे चित्र माझं आहे असं दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांना ई-मेल लिहिला, उत्तर आलं नाही. शेवटी गिऱ्हाइकाच्या समोर बसून झालेला प्रकार सांगितला. त्यांनी समजून घेतलं, पण ती अर्ध्या तासाची भेट माझ्या मनातून गेलेली नाही. हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

"एवढ्या लिंकांमधून माझीच कोण शोधणार?" असं नवखी मुलं विचारतात. लाइटशॉट या लोकप्रिय साधनाच्या लिंकमध्ये शेवटी जेमतेम सहा अक्षर-आकड्यांचा कोड असायचा. २६ अक्षरं आणि १० अंक धरले तर अशी सुमारे २१८ कोटी जुळणी होतात. आकडा मोठा वाटतो, पण त्यातले बरेच कोड वापरलेले असले की एकामागून एक कोड टाकत जाणाऱ्या प्रोग्रॅमला अनोळखी माणसांची चित्रं सापडत जातात. हे अनेकांनी करून दाखवलं आहे. त्यात लोकांचे पासवर्ड आणि खाजगी गप्पाही दिसल्या. तेव्हा ऑफिसच्या कामाला, विशेषतः दुसऱ्याचे पैसे आणि कागद हाताळणाऱ्यानं, पहिल्या जातीचंच साधन घ्यावं. याबाबत मी मधला मार्ग सांगत नाही.

पायरी ४ : तीन-चार नावांतून एक निवडा

ग्रीनशॉट. नवख्यासाठी माझी पहिली पसंती. विंडोजवर फुकट, त्याचा सोर्स कोड खुला आहे (प्रोग्रॅम कसा लिहिलाय ते कुणालाही वाचता येतं), ऑफिसात वापरायलाही पैसे नाहीत. हलकं आहे, जुन्या यंत्रावरही अडत नाही. प्रिंट स्क्रीन दाबलं की तुकडा निवडायचा, मग ते विचारतं: सेव्ह करू, क्लिपबोर्डवर ठेवू, एडिटरमध्ये उघडू की प्रिंट काढू? हे विचारणंच मला आवडतं, कारण प्रत्येक वेळी निर्णय तुमचा राहतो. शिफ्ट + प्रिंट स्क्रीननं मागच्याच जागेचा तुकडा पुन्हा निघतो. रोज त्याच कोपऱ्यातली बाकी पाठवणाऱ्याला हे वरदान आहे. एडिटरमध्ये आपोआप वाढणारे आकडे टाकता येतात. एकच सावधगिरी. ते फाइलच्या नावात तारखेसोबत खिडकीचं शीर्षकही घालतं. शीर्षकात पार्टीचं नाव किंवा ई-मेलचा विषय असला तर तो फाइलच्या नावातून बाहेर जातो. सेटिंगमध्ये नावाचा साचा बदलून फक्त तारीख आणि वेळ ठेवा.

शेअरएक्स. हेही फुकट, खुलं आणि फक्त विंडोजसाठी. ताकदीत सगळ्यांच्या पुढं. लांब पान सरकवत टिपणं, पडद्याचा व्हिडिओ, चित्रातला मजकूर उचलणं, महिन्यावार फोल्डर, सगळं आहे. पण मेनू इतके आहेत की नवा माणूस गांगरतो. नावातच 'शेअर' असल्यामुळे अपलोडच्या सोयीही भरपूर आहेत. बसवल्याबरोबर 'आफ्टर कॅप्चर टास्क्स' ही यादी उघडा आणि तिथं अपलोडवर खूण असेल तर ती काढा. शिवाजी विद्यापीठातल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांनी हे जरूर शिकावं. अडत दुकानाच्या टेबलावर मी ते बसवत नाही.

फ्लेमशॉट. लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी. विंडोज आणि मॅकवरही चालतं. तुकडा निवडला की त्याच जागी बाण, चौकट, आकडे काढता येतात, वेगळा एडिटर उघडत नाही.

स्नॅगिट विकत मिळतं. ही कंपनी १९९० पासून हेच काम करते आहे, आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिका बनवणाऱ्याला पैसे वसूल होतात. दिवसाला दोन स्क्रीनशॉट काढणाऱ्यानं त्यात पडू नये. पिकपिकही चांगलं आहे, पण ते फुकट फक्त घरगुती वापरासाठी. ऑफिसात वापरायचं तर परवाना घ्यावा लागतो. 'फुकट' शब्द दिसला की खाली परवान्याची ओळ वाचायची सवय लावा.

पायरी ५ : बसवताना

सर्च इंजिनमध्ये नाव टाकल्यावर सगळ्यात वर जाहिराती येतात. त्यांवर क्लिक करू नका. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या साइटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. साइटवरसुद्धा जाहिरातीतली मोठी, ठळक 'डाउनलोड' बटणं खऱ्या बटणाच्या शेजारी ठेवलेली असतात. माउस नेऊन खाली डावीकडे पत्ता कुणाचा दिसतो ते बघा.

पहिल्यांदा चालू करताना बटण आधीच दुसऱ्यानं घेतल्याचा संदेश येऊ शकतो. विंडोज ११ नं प्रिंट स्क्रीन स्वतःच्या साधनाला जोडलेलं असतं. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड असं जाऊन तो पर्याय बंद केला की बटण मोकळं होतं. वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सनं ते धरलं असेल तर तिथूनही सोडवावं लागतं.

फाइलचा प्रकार पीएनजी ठेवा. जेपीजी हा फोटोसाठी बनलेला प्रकार आहे. तो आकार कमी करताना बारीकसारीक तपशील टाकून देतो, त्यामुळे अक्षरांच्या कडेला धूळ बसल्यासारखी दिसते आणि ३ चा ८ वाटू लागतो. पीएनजी काहीच टाकत नाही. सरकारी पोर्टलवर ठरावीक केबीच्या आत जेपीजीच हवी असेल, तेव्हा पेंटमध्ये उघडून त्या प्रकारात सेव्ह करा.

पायरी ६ : झाकायचं ते नीट झाका

इथं घाई करू नका. चित्र पाठवण्याआधी चारही कडांवर नजर फिरवा. वर ब्राउझरचे टॅब, पत्त्याची ओळ, कंपनीचं नाव. खाली व्हॉट्सॲपची नुकतीच आलेली सूचना. जमलं तर आधीच लहान तुकडा निवडा, म्हणजे झाकायचा प्रश्नच कमी होतो.

झाकताना पूर्ण भरलेला काळा चौकोन वापरा. धूसर करणं किंवा ठिपके ठिपके करणं पुरेसं नाही. खात्याच्या नंबरात प्रत्येक जागी दहाच अंक शक्य असतात. ते एकेक धूसर करून तुमच्या चित्राशी ताडून बघणारे प्रोग्रॅम आहेत. ग्रीनशॉटमध्ये ठिपक्यांचं हत्यार हाताशी असतं, तरीही आकड्यांसाठी चौकोनच घ्या. काळा हायलायटर तर अजिबात नको. तो अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचं दिसतं.

चौकोन काढल्यावर फाइल पीएनजी म्हणूनच सेव्ह करा. ग्रीनशॉटची स्वतःची फाइल पाठवली तर समोरचा तो चौकोन उचलून बाजूला ठेवू शकतो. वर्डमध्ये चित्र चिकटवून वर काळा आकार ठेवला तरी तसंच. वर्डमध्ये चित्र कापलं, तरी कापलेला भाग फाइलच्या पोटात राहतो. तो काढायचा पर्याय वेगळा निवडावा लागतो.

कापण्याबद्दल आणखी एक. २०२३ च्या मार्चमध्ये उघडकीला आलं की विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये आणि विंडोज १० च्या साधनात चित्र कापून त्याच फाइलवर सेव्ह केलं, तर जुन्या चित्राचा शेवटचा भाग फाइलमध्ये तसाच उरत होता. पाटीवरचं जुनं न पुसता वरच्या अर्ध्या भागात नवं लिहावं, तसा प्रकार. त्यातून कापलेला भाग परत काढता येत होता. मायक्रोसॉफ्टनं त्याच महिन्यात दुरुस्ती दिली, पण आधी सेव्ह झालेल्या फाइली त्यानं सुधारत नाहीत. जुना कापलेला स्क्रीनशॉट कुणाला द्यायचा असेल तर नव्यानं काढून द्या.

आमच्या धंद्यातली खास चूक सांगतो. पॅन नंबर काळजीपूर्वक झाकतात आणि शेजारचा जीएसटी नंबर उघडा ठेवतात. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजेच पॅन. एकट्या मालकाचा धंदा असेल तर तो त्यांचा वैयक्तिक पॅन असतो. बिलावर तो छापलेला असतोच, पण प्रशिक्षणाच्या चित्रात किंवा ग्रुपवर टाकताना झाकायचे तर दोन्ही झाका. आधार कुणाला द्यायचंच असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या, स्वतः रंगवत बसू नका.

पायरी ७ : पाठवताना

व्हॉट्सॲपवर चित्र 'फोटो' म्हणून टाकलं की ते दाबून लहान केलं जातं आणि बारीक अक्षरं पुसट होतात. पिनच्या किंवा अधिकच्या (+) चिन्हावर जाऊन 'डॉक्युमेंट' निवडा, फाइल आहे तशी पोचते. सोबत दोन ओळी लिहा: काय करत होतात, कोणतं बटण दाबलं, मग काय झालं. "हे बघा" एवढंच लिहिलेलं चित्र मला अर्धंच सांगतं. जीएसटीच्या तक्रार पोर्टलवर तिकीट काढतानाही चूक दिसणारा स्क्रीनशॉट जोडता येतो. तिथं तारीख-वेळेसकट अख्खी खिडकी द्या.

उलट बाजूनं, कुणी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तर त्यावर माल सोडू नका. असं चित्र बनवायला काही मिनिटं पुरतात. आपल्या बँकेच्या खात्यात रक्कम दिसली, यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक जुळला, मगच पावती. महाद्वार रोडवरच्या दुकानदारांना मी हे गर्दीच्या दिवसांआधी मुद्दाम सांगून येतो.

वाद कोर्टात जाईल असं वाटत असेल, तर स्क्रीनशॉट काढा, पण मूळ चॅट, ई-मेल आणि ते यंत्र पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसू लागल्यापासून माझ्याकडे वकिलांच्या ऑफिसातूनही हा प्रश्न येतो. चित्राला बाण, चौकोन काही न काढता एक कोरी प्रत वेगळी ठेवा आणि पुढचं वकिलांना विचारा.

आज सुरुवात करायची असेल तर असं करा. विंडोज + शिफ्ट + एस दाबून तुमच्या हिशेबाच्या खिडकीचा एक तुकडा काढा, एक आकडा काळ्या चौकोनानं झाका, पीएनजी म्हणून सेव्ह करा आणि डॉक्युमेंट म्हणून स्वतःच्याच व्हॉट्सॲप नंबरवर पाठवा. मग मोबाईलवर ते उघडा, बोटांनी मोठं करा, आणि सगळ्यात बारीक ओळ वाचता येते का आणि झाकलेला आकडा खरंच दिसत नाही ना, हे बघा.